बाटलीतली रिकामी जागा

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या कन्नड तालुक्यात देवगाव रंगारी नावाचे गाव आहे. रंगारी म्हणजे कापड रंगवणारा. हा धंदा आता गावोगाव राहिलेला नाही. पण रंगाऱ्याच्या निळीच्या पिंपात जे रसायनशास्त्र चालत असे, तेच आजच्या लेखाच्या विषयाला समजून घ्यायला फार उपयोगी पडते. विषय आहे फोटोची फिल्म घरी धुण्यासाठी लागणारी रसायने ताजी कशी ठेवायची हा.

आधी निळीचे पाहू. नीळ पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे ती तशीच्या तशी कापडात मुरत नाही. म्हणून रंगारी पिंपात नीळ, चुना, गूळ, टाकळ्याचे बी असे पदार्थ घालून ते आंबवत असे. आंबताना निळीचे क्षपण होते. तिचा निळा रंग जाऊन पिवळसर हिरवे, पाण्यात विरघळणारे रूप तयार होते. कापड या द्रावणात बुडवून बाहेर काढले, की हवेतला ऑक्सिजन लागून ते बघता बघता निळे होते. कापडावर हवा लागायला हवी, पण पिंपात मात्र ती शिरता कामा नये. म्हणून पिंप झाकून ठेवायचे, उगाच ढवळायचे नाही, कापड अलगद बुडवायचे आणि अलगद काढायचे, ही रंगाऱ्याची शिस्त होती. पिंपाच्या तोंडाशी निळी साय धरली म्हणजे तेवढी नीळ हवेने परत नेली, हे त्याला पुस्तक न वाचता ठाऊक होते.

फिल्म धुणाऱ्याची बाटली हे रंगाऱ्याचे छोटे पिंपच आहे. मोबाइलमधल्या कॅमेऱ्यामुळे फिल्म आता रोजच्या वापरातून गेली आहे. उदगमंडलमच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची ‘इंदू’ फिल्म एके काळी गावोगावच्या स्टुडिओत दिसे. तो कारखानाही बंद झाला. तरीही कृष्णधवल फिल्म जगात अजून बनते आणि हौशी मंडळी ती घरी धुतात. शाळेच्या विज्ञान मंडळाला तर हा एक उत्तम उपक्रम आहे. प्रकाश, रसायन आणि कौशल्य यांची एकत्र ओळख करून देणारे असे प्रयोग फार थोडे आहेत. अडचण येते ती रसायनांच्या बाबतीत. डेव्हलपर एकदा तयार केला, दोन रोल धुतले, उरलेला बाटलीत भरून ठेवला आणि तीन महिन्यांनी स्नेहसंमेलनाचा रोल त्यात धुतला, तर फिल्म कोरी निघू शकते. स्नेहसंमेलन पुन्हा होत नाही. डेव्हलपरची किंमत थोडी असते, त्यात बुडालेल्या चित्राची भरपाई मात्र होत नाही.

गुण तोच दोष

फिल्मवर जिलेटिनच्या थरात सिल्व्हर ब्रोमाइडसारख्या क्षारांचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. प्रकाश पडलेल्या स्फटिकात चांदीचे काही मोजके अणू तयार होतात. ते इतके थोडे असतात, की डोळ्याला काहीच दिसत नाही. डेव्हलपर हा क्षपणक आहे. तो स्फटिकातल्या चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतो आणि त्यांची धातुरूप काळी चांदी बनवतो. ज्या स्फटिकांवर प्रकाश पडला होता तेथे हे काम झपाट्याने होते, बाकीच्या ठिकाणी फार सावकाश. यातूनच चित्र उमटते.

म्हणजे डेव्हलपरचा सारा गुण इलेक्ट्रॉन देण्याच्या तयारीत आहे. पण इलेक्ट्रॉन घेणारी चांदी एकटी नाही. हवेतला ऑक्सिजन हा तिच्याहून मोठा गिऱ्हाईक आहे आणि तो बाटलीच्या तोंडाशीच बसलेला असतो. जो गुण पाहून आपण हे रसायन घेतो, त्याच गुणामुळे ते नासते. हवेत मुळीच न बिघडणारा पदार्थ डेव्हलपर म्हणून कुचकामी ठरला असता.

हे दुखणे छायाचित्रणाइतकेच जुने आहे. देवगाव रंगारीच्या शेजारच्या खुलताबाद तालुक्यात वेरूळची लेणी आहेत. वेरूळ आणि अजिंठा येथील लेण्यांची मेजर रॉबर्ट गिल यांनी काढलेली छायाचित्रे १८६४ साली लंडनमध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्या काळी ओल्या कोलोडियनच्या काचांची पद्धत प्रचलित होती. काच ओली असतानाच फोटो काढून जागच्या जागी धुवावी लागे, आणि या पद्धतीत डेव्हलपर म्हणून बहुधा हिराकशीचे द्रावण वापरीत. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. शाळेच्या कपाटातली हिराकशीची बाटली उघडून पाहा. मूळचे फिकट हिरवे खडे कडेने पिवळे-तपकिरी झालेले दिसतील. फेरस लोहाने हवेला इलेक्ट्रॉन देऊन टाकले आणि ते फेरिक झाले. ही तपकिरी हिराकस फोटो धुण्याच्या कामातून गेली, आणि आपल्या प्रयोगाच्या कामातूनही गेलीच.

पुढे १९१२ साली दादासाहेब फाळके इंग्लंडहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले आणि दादरच्या राहत्या घरी चित्रपटाची खटपट सुरू झाली. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला. फिल्मच्या कडांना भोके पाडणे, रसायने कालवणे, फिल्म धुणे ही कामे सरस्वतीबाई फाळके यांनी शिकून घेतली होती. मंडळींचा स्वयंपाक उरकून ही कामे त्या करीत. घरी फिल्म धुण्याचे याहून मोठे उदाहरण आपल्याकडे शोधून सापडणार नाही. अशा घरात एक द्रावण बिघडले, तर दिवसभर उन्हात उभे राहून केलेले चित्रण वाया जाणार आणि सगळी पात्रे पुन्हा रंगवून उभी करावी लागणार, हे उघड आहे.

पहारेकरी सल्फाइट

कोडॅक कंपनीने १९२० च्या दशकात चित्रपटाच्या फिल्मसाठी बसवलेले डी-७६ नावाचे एक सूत्र आहे. ते आजही वापरात आहे आणि खुले आहे. १ लिटर द्रावणात मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स म्हणजे सवागी २ ग्रॅम. चित्र उमटवणारी रसायने दोनच, मेटॉल आणि हायड्रोक्विनोन. ती मिळून ७ ग्रॅम आणि सल्फाइट मात्र १०० ग्रॅम! इतके सल्फाइट कशाला?

सल्फाइटची दोन-तीन कामे आहेत. त्यांतले एक पहाऱ्याचे. सल्फाइट स्वतः ऑक्सिजनशी संयोग पावून सल्फेट होते. शिवाय हायड्रोक्विनोनचे ऑक्सिडीकरण होऊन जी तपकिरी घाण तयार झाली असती, तिच्या आधीच्या पदार्थाला ते पकडते आणि रंगहीन संयुगात बांधून टाकते. गृहविज्ञान शिकवणाऱ्या बाईंना हा पहारेकरी परिचयाचा असेल. लिंबाचे किंवा संत्र्याचे स्क्वॉश टिकावे म्हणून त्यात घालतात ते पोटॅशियम मेटाबायसल्फाइट सल्फाइटचाच भाऊबंद आहे.

द्रावण बनवताना मेटॉल आधी आणि सल्फाइट नंतर विरघळवतात, कारण सल्फाइटच्या दाट द्रावणात मेटॉल नीट विरघळत नाही. पण जाणकार माणूस मेटॉलच्याही आधी चिमूटभर सल्फाइट पाण्यात टाकतो. पाण्यातला ऑक्सिजन त्या चिमटीने खाऊन टाकावा, मेटॉलला लागू नये, एवढाच त्याचा हेतू.

थोडा हिशेब

पाणी उकळून थंड केले तर त्यातला ऑक्सिजन निघून जातो, म्हणून डेव्हलपर उकळलेल्या पाण्यातच बनवावा, असा सल्ला बऱ्याचदा दिला जातो. सल्ला चुकीचा नाही. पण त्याने किती फरक पडतो? नववी-दहावीच्या मुलांकडून हा हिशेब जरूर करून घ्यावा.

१ लिटरची बाटली अर्धी भरली आहे असे समजा. आत ५०० मिलिलिटर द्रावण आणि ५०० मिलिलिटर हवा. २५ अंश सेल्सिअसला १ लिटर साध्या पाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो, म्हणजे अर्ध्या लिटरला ४ मिलिग्रॅम.

आता वरची हवा घेऊ. हवेत आकारमानाने २१ टक्के ऑक्सिजन, म्हणून ५०० मिलिलिटर हवेत तो १०५ मिलिलिटर. या तापमानाला १ मोल वायू साधारण २५ लिटर जागा व्यापतो. १०५ मिलिलिटर म्हणजे ०.००४२ मोल. ऑक्सिजनचा रेणुभार ३२, म्हणून वस्तुमान सुमारे १३५ मिलिग्रॅम.

पाण्यात ४ आणि हवेत १३५. बाटलीच्या रिकाम्या भागातला ऑक्सिजन पाण्यातल्या ऑक्सिजनच्या तिसाहून अधिक पट निघाला. उकळण्याचा खटाटोप करून बाटली अर्धी ठेवणे म्हणजे खिडकीला कडी लावून दार सताड उघडे टाकण्यासारखे आहे.

हा ऑक्सिजन काय बिघडवू शकतो? अर्धा लिटर डी-७६ मध्ये हायड्रोक्विनोन २.५ ग्रॅम, म्हणजे ०.०२३ मोल. सल्फाइटच्या सान्निध्यात हायड्रोक्विनोनच्या एका रेणूला ऑक्सिजनचा एक रेणू पुरतो. सगळा ऑक्सिजन त्याच्याच वाट्याला गेला, तर सुमारे १८ टक्के हायड्रोक्विनोन खलास. प्रत्यक्षात काही भाग सल्फाइट आपल्या अंगावर घेते, म्हणून नुकसान याहून कमी होते. पण बूच उघडले की नवी हवा आत येते आणि हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. महिन्यात पाच वेळा बूच उघडले, तर पाच वेळा नवा ऑक्सिजन. त्यातून द्रावण दर खेपेस थोडे थोडे संपत गेलेले असते. म्हणजे खाणारा वाढतो आणि खाद्य घटते.

कोडॅकने डी-७६ साठी दिलेली मुदत या हिशेबाशी जुळते. काठोकाठ भरलेल्या घट्ट बुचाच्या बाटलीत सहा महिने, अर्ध्या बाटलीत दोन महिने, उघड्या पसरट भांड्यात एक दिवस. रसायन एकच, पण हवेशी गाठ किती पडते त्यावर मुदत ठरते.

तहानलेल्या कावळ्याची युक्ती

मग उपाय कोणते? सगळ्यांचे सूत्र एकच, रिकामी जागा कमी करणे.

पहिला आणि सर्वांत चांगला उपाय म्हणजे लहान बाटल्या. १ लिटर द्रावण बनवले की ते लगेच २५० मिलिलिटरच्या चार बाटल्यांत काठोकाठ भरावे. एका वेळी एकच बाटली उघडली जाते, बाकीच्या तीन बंद राहतात.

दुसरा उपाय इसापाच्या कावळ्याने शोधलेला आहे. बाटली अर्धी झाली की तिच्यात काचेच्या गोट्या टाकाव्यात. द्रावण वर येते आणि हवा बाहेर जाते. गोट्या काचेच्याच घ्याव्यात आणि स्वच्छ धुऊन वापराव्यात. दगड किंवा धातूच्या गोळ्या चालणार नाहीत.

प्लॅस्टिकची बाटली दाबून हवा काढणे हा तिसरा उपाय. तो दिसतो तितका चांगला नाही. दाबलेली बाटली मूळ आकारावर यायला बघते आणि बूच जरा सैल असले तर हवा आत ओढून घेते. शिवाय पॉलिथिनच्या पातळ भिंतीतून ऑक्सिजन हळूहळू आत झिरपतो. दुधाळ दिसणाऱ्या मऊ प्लॅस्टिकपेक्षा पारदर्शक कडक पेट प्लॅस्टिक बरे, आणि काच सर्वांत उत्तम. औषधाची तपकिरी काचबाटली असली तर प्रकाशापासूनही बचाव होतो. अर्थात डेव्हलपरचा मुख्य वैरी हवा आहे. तपकिरी बाटली अर्धी ठेवण्यापेक्षा साधी बाटली काठोकाठ भरून अंधाऱ्या कपाटात ठेवलेली बरी.

वर्गात एखादा चलाख विद्यार्थी विचारेल, ‘बाटलीत तोंडाने फुंकून बूच लावले तर?’ त्याला सांगावे, की उच्छ्वासातही सुमारे १६ टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो आणि वर सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड, जो डेव्हलपरमधली अल्कधर्मिता थोडी मारतो. फुंकून लाभ थोडा आणि उपद्रव नवा. आणखी कोणी आजीच्या लोणच्याची आठवण काढील. बरणीत लोणच्यावर तेलाचा थर राहतो तो हवा अडवायलाच. कल्पना योग्यच आहे, पण डेव्हलपरवर तेल ओतले तर फिल्मलाही तेल लागेल. म्हणून येथे गोट्याच बऱ्या.

कोरडी पूड बंद पाकिटात कित्येक वर्षे टिकते, मात्र पावसाळ्यातल्या दमटपणापासून ती जपावी लागते. पाकिटातली अर्धीच पूड काढून द्रावण बनवू नये. वेगवेगळ्या रसायनांचे दाणे वाहतुकीत हलून थरावर थर बसलेले असतात, त्यामुळे अर्ध्या पुडीत मेटॉल जास्त येईल की सल्फाइट, याचा भरवसा नसतो. पाकीट एकदम कालवावे आणि वाटणी द्रावणाची करावी. तांब्या-पितळेची भांडी वापरू नयेत. तांब्याचा अंश उतरला तर सल्फाइटचे ऑक्सिडीकरण वेगाने होते. विंधन विहिरीचे पाणी जड असेल तर ऊर्ध्वपातित पाणी घ्यावे.

वर्गातला प्रयोग : निळी बाटली

वरचा सारा मुद्दा फोटोची रसायने न आणता दाखवता येतो. ५०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम कॉस्टिक सोडा आणि १० ग्रॅम ग्लुकोज विरघळवावे आणि मिथिलीन ब्लूच्या सौम्य द्रावणाचे काही थेंब टाकावेत. कॉस्टिक सोड्याने कातडी आणि डोळे भाजतात, म्हणून द्रावण शिक्षकांनीच चष्मा व हातमोजे घालून करावे, बाटल्याही त्यांनीच हलवाव्यात. मुलांनी पाहावे, वेळ मोजावी आणि नोंदी ठेवाव्यात.

द्रावण प्रयोगशाळेतल्या फिरकीच्या झाकणाच्या दोन सारख्या बाटल्यांत भरावे, एक अर्धी आणि दुसरी काठोकाठ. थोड्या वेळाने दोन्हींतला निळा रंग जातो, कारण ग्लुकोज मिथिलीन ब्लूचे क्षपण करून त्याला रंगहीन करते. आता दोन्ही बाटल्या जोराने हलवाव्यात. अर्धी बाटली लगेच निळी होते. आतल्या हवेचा ऑक्सिजन द्रावणात मिसळला आणि रंग परत आला. काठोकाठ भरलेली बाटली कितीही हलवली तरी रंगहीनच राहते. रंगाऱ्याने पिंप का ढवळू नये, याचे उत्तर मुलांना डोळ्यांनी दिसते.

दुसरा टप्पा तापमानाचा. अर्ध्या भरलेल्या दोन बाटल्या घ्याव्यात, एक कोमट पाण्यात आणि एक माठातल्या गार पाण्यात दहा मिनिटे ठेवावी. मग दोन्ही सारख्याच हलवून रंग जायला किती सेकंद लागतात ते मोजावे. कोमट बाटलीत रंग लवकर जातो. द्रावण काही तासांत पिवळे-तपकिरी पडते, म्हणून ते त्याच दिवशी भरपूर पाण्याबरोबर ओतून द्यावे.

मराठवाड्याचा उन्हाळा

तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. वर सांगितलेली सहा महिन्यांची मुदत वीस-पंचवीस अंशांच्या खोलीसाठी धरावी. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. तेथे सहा महिन्यांचे दोन महिनेही होऊ शकतात. म्हणून बाटल्या वरच्या फळीवर न ठेवता आतल्या खोलीत, जमिनीलगत ठेवाव्यात. घमेल्यात ओली वाळू घालून तिच्यात बाटली रोवली तर बाष्पीभवनाने काही अंशांचा फरक पडतो. कोरड्या उन्हाळ्यात ही युक्ती चालते, पावसाळ्यात चालत नाही. घरच्या फ्रिजमध्ये बाटल्या ठेवू नयेत. थंडीने द्रावणातली रसायने खडे होऊन खाली बसतात हे एक कारण, आणि अन्नाशेजारी विष ठेवू नये हे त्याहून मोठे.

फिक्सरचे दुखणे वेगळे

डेव्हलपरनंतर फिल्म फिक्सरमध्ये घालतात. फिक्सरमधले मुख्य रसायन हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. प्रकाश न लागलेले चांदीचे क्षार ते विरघळवून काढते. हायपो चांदीचे क्षार विरघळवतो हे जॉन हर्शेल यांनी १८१९ साली दाखवले आणि वीस वर्षांनी, १८३९ मध्ये, त्याचा छायाचित्रासाठी उपयोग झाला.

फिक्सरलाही डेव्हलपरसारखेच हवेपासून जपले म्हणजे झाले, असे वाटेल. पण त्याचे मुख्य दुखणे हवेचे नाही, आम्ल आणि उष्णता यांचे आहे. हायपोच्या द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल घातले की ते गढूळ होत जाते आणि खालच्या कागदावरची फुली दिसेनाशी होते, हा प्रयोग क्रियेचा वेग शिकवताना आपण करतो. तो गढूळपणा सुट्या झालेल्या गंधकाचा असतो. फिक्सरमध्ये सौम्य आम्ल मुद्दाम घातलेले असते. त्यामुळे फिल्मबरोबर आलेल्या डेव्हलपरचे काम तत्काळ थांबते. गंधक सुटू नये म्हणून येथेही सल्फाइटचाच पहारा बसवलेला असतो. पण आम्ल जास्त झाले किंवा बाटली उन्हात तापली, की पहारा मोडतो आणि तळाशी पिवळट गाळ बसतो. असा फिक्सर गाळून वापरू नये. तो टाकूनच द्यावा.

यातून एक गोष्ट मुलांच्या लक्षात यावी. ‘खराब झाले’ हा शब्द एकच असला तरी खराब होण्याच्या वाटा वेगळ्या असतात. डेव्हलपर ऑक्सिजनने जातो, फिक्सर विघटनाने. शिवाय दोन्ही वापरानेही संपतात. डेव्हलपरमध्ये फिल्ममधले ब्रोमाइड साठत जाते आणि त्याचे काम मंदावते, फिक्सरमध्ये चांदी साठत जाते. कारण ओळखल्याशिवाय उपाय ठरत नाही.

ताजे की शिळे?

केवळ रंगावरून निवाडा करू नये. डी-७६ ताजा असताना जवळजवळ रंगहीन असतो आणि तपकिरी झाला तर टाकून द्यावा, हे खरे. पण काही दाट डेव्हलपर गडद होऊनही चांगले काम देतात, आणि क-जीवनसत्त्व वापरून बनवलेले काही डेव्हलपर रंग न बदलता अचानक निकामी होतात. डी-७६ ची आणखी एक खोड आहे. हायड्रोक्विनोनचे सल्फाइटच्या सान्निध्यात ऑक्सिडीकरण होताना थोडा कॉस्टिक सोडा तयार होतो. त्याने द्रावणाची अल्कधर्मिता वाढते आणि काही आठवड्यांचा डेव्हलपर ताज्यापेक्षा जोरकस बनतो, नंतर मग ढेपाळतो. जपून ठेवलेल्या द्रावणात धुतलेली फिल्म कधी कधी अपेक्षेपेक्षा गडद निघते त्याचे हे एक कारण.

खरी कसोटी फिल्मवरच घ्यावी. रोलच्या तोंडाशी असलेल्या पट्टीचा तुकडा कापून उजेडातच डेव्हलपरमध्ये टाकावा. ताज्या द्रावणात काही मिनिटांत तो काळा होतो. किती वेळ लागला याची पहिल्या दिवशी नोंद करून ठेवावी आणि प्रत्येक रोलच्या आधी ताडून पाहावी. राखाडीवर अडकला तर त्या द्रावणात रोल घालू नये. फिक्सरसाठी दुसरा कोरा तुकडा घ्यावा. दुधाळ तुकडा किती वेळात पारदर्शक होतो ते पाहावे आणि फिल्म त्याच्या दुप्पट वेळ ठेवावी. ताज्या फिक्सरपेक्षा दुप्पट वेळ लागू लागला, की तो फिक्सर संपला. दोन तुकड्यांची ही परीक्षा पाच-दहा मिनिटांची आहे आणि तिने पुन्हा न घेता येणारा रोल वाचतो.

बाटली कोणाच्या हाती लागेल?

आपल्या घरांत रिकामी बाटली सहसा टाकली जात नाही. सरबताच्या बाटलीत फिनेल आणि पाण्याच्या बाटलीत रॉकेल भरून ठेवण्याची सवय जुनी आहे आणि तिच्यापायी मुले दगावतात. डेव्हलपर पाण्यासारखा दिसतो. तो पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कधीही भरू नये, मग लेबल काढून टाकलेले असले तरी. हायड्रोक्विनोन पोटात गेल्यास घातक आहे आणि मेटॉलने काहींच्या हातांना खाज येऊन कातडी सोलते, म्हणून हातमोजे घालावेत. कपाटाला कुलूप असावे. चुकून कोणी प्याले तर ओकारी काढण्याचा प्रयत्न न करता बाटलीसकट लगेच दवाखान्यात न्यावे.

डॉक्टरांना काय झाले ते चिठ्ठीवरूनच कळणार असते. म्हणून प्रत्येक बाटलीवर पाण्याने न पुसणाऱ्या शाईने पाच गोष्टी लिहाव्यात : द्रावणाचे नाव व त्यातले घटक, बनवल्याची तारीख, किती रोल धुतले, पट्टी काळी व्हायला पहिल्या दिवशी लागलेला वेळ, आणि ठळक अक्षरांत ‘विष’. डेव्हलपर आणि फिक्सर यांची बुचे, नरसाळी वेगवेगळी ठेवावीत. फिक्सरचा थोडासा अंश मिसळला तरी डेव्हलपर बिघडतो.

वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी असते आणि ती पाण्यातल्या जीवांना अपायकारक आहे, म्हणून तो ओढ्यात किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नये. प्लॅस्टिकच्या डब्यात साठवून त्यात पोलादी लोकर टाकून ठेवली, तर लोह द्रावणात जाते आणि चांदी काळपट गाळाच्या रूपाने बाहेर पडते. धातूंच्या क्रियाशीलतेच्या श्रेणीचा हा पाठ पुस्तकाबाहेर घेता येतो.

फिल्म धुण्याची सोय ज्या शाळेत नाही, तेथेही या लेखातला अर्धा भाग उपयोगी पडावा. येत्या आठवड्यात मुलांना प्रयोगशाळेच्या कपाटासमोर उभे करावे आणि प्रत्येक बाटलीबद्दल तीन प्रश्न विचारायला सांगावे : ही बाटली किती रिकामी आहे? आतला पदार्थ हवेने बिघडतो, उष्णतेने की प्रकाशाने? आणि तिच्यावर तारीख आहे का? हिराकस, सोडियम सल्फाइट, हायड्रोजन पेरॉक्साइड, सिल्व्हर नायट्रेट, चुन्याची निवळी यांची उत्तरे वेगवेगळी येतील. ती तक्त्यात मांडून कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवावीत, म्हणजे पुढच्या वर्षी कोणती रसायने आधी वापरायची आणि कोणती थोडीच मागवायची, हे मुलांनाच ठरवता येईल.